लेप, शलाका आणि नळी

त्वचेवर काही लावावयाचे म्हटले की आपले लक्ष प्रथम त्या पदार्थाकडे जाते. काजळ कशाचे, मलमात कोणते औषध, कुंकू हळदीचे की रासायनिक रंगाचे, असे प्रश्न आपण विचारतो. तो पदार्थ त्वचेपर्यंत कशाने पोहोचविला, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या मनात येतो. वस्तुतः पदार्थ किती लागला, नेमका कोठे लागला आणि लावताना त्याच्याबरोबर आणखी काय गेले, या तिन्ही गोष्टी साधनावर अवलंबून असतात. मात्रा, स्थान आणि स्वच्छता या तीन कसोट्या ध्यानात ठेवल्या, तर काजळाच्या कांडीपासून आजच्या दाबपंपापर्यंतच्या सर्व हातसाधनांचा इतिहास एका सूत्रात गोवता येतो. या प्रकरणात तसा प्रयत्न केला आहे.

पहिले साधन : बोट

सर्वांत जुने साधन म्हणजे माणसाचे बोट. त्याचे गुण थोडे नाहीत. बोट उबदार असते, त्यामुळे तूप, मेण किंवा मलम त्याच्या स्पर्शाने सैल होते. बोटाला संवेदना असते, त्यामुळे त्वचा कोठे खरखरीत आहे, कोठे दुखते, हे लावणाऱ्याला तत्काळ कळते. महाराष्ट्रात स्त्रिया पूर्वी कपाळावर आधी मेणाचा बारीक थर बोटाने देत आणि त्यावर कोरडे कुंकू टेकवीत. मेणाच्या वर्तुळाबाहेर कुंकू चिकटत नसे, म्हणून टिळा रेखीव उठे. फणी, आरसा, मेण आणि कुंकवाचा करंडा ठेवण्याची फणेरपेटी ही त्या काळच्या घरातील प्रसाधनाची संपूर्ण सामग्री होती.

परंतु बोटाचे दोषही तितकेच उघड आहेत. बोटाची जाडी ठरलेली असते, त्यामुळे पापणीच्या कडेसारख्या अरुंद जागी ते नीट चालत नाही. नखाखाली मळ राहतो. एका मुलाच्या डोळ्यातून निघालेले बोट त्याच काजळाच्या डबीत बुडून दुसऱ्या मुलाच्या डोळ्यात जाऊ शकते. बोटाच्या या उणिवा भरून काढण्यासाठीच माणसाने पुढील साधने घडविली.

शलाका

सिंधू संस्कृतीच्या हडप्पा व मोहेंजोदडो या नगरांच्या उत्खननात तांब्याच्या बारीक कांड्या सापडल्या आहेत. डोळ्यांत अंजन घालण्यासाठी त्या वापरीत असत असे पुरातत्त्वज्ञ मानतात. तक्षशिलेच्या अवशेषांतही तशाच कांड्या मिळाल्या. आकारात फारसा फरक नाही : मध्ये बारीक, टोकाला किंचित फुगीर आणि गुळगुळीत.

हा आकार योगायोगाने आलेला नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील अठराव्या अध्यायात अंजनशलाकेचे वर्णन आहे. तिची लांबी आठ अंगुळे असावी, दोन्ही टोके कळीच्या आकाराची असावीत, मधला भाग बारीक असावा आणि ती हाताला नीट धरता यावी, असे तेथे सांगितले आहे. यांतील प्रत्येक अट कामाची आहे. कळीसारखे टोक डोळ्याला टोचत नाही आणि आपल्या गोलाईवर ठरावीकच अंजन धरून ठेवते. म्हणजे टोकाचा आकार हेच माप होय. दोन टोके असल्याने एकाने एक डोळा व दुसऱ्याने दुसरा डोळा हाताळता येतो.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात शलाका दहा अंगुळांची सांगितली असून धातूचाही विचार केला आहे. डोळ्यातील दोष खरवडून काढणाऱ्या अंजनासाठी तांब्याची, व्रण भरून आणणाऱ्या अंजनासाठी काळ्या लोखंडाची आणि डोळा प्रसन्न करणाऱ्या अंजनासाठी सोन्याची वा रुप्याची शलाका उत्तम मानली आहे. विशेष म्हणजे व्रण भरण्याच्या कामी लोखंडी शलाकेच्या जोडीला त्याने बोटाचाही उल्लेख केला आहे. नवे साधन आले म्हणून जुने टाकून द्यावयाचे नाही, ज्या कामी ते योग्य त्या कामी ते राखावयाचे, ही दृष्टी त्यात दिसते.

लेप लावण्याविषयीही सुश्रुताचे नियम तितकेच बारकाईचे आहेत. लेप केसांच्या दिशेच्या उलट लावावा, म्हणजे तो नीट टिकतो व रोमरंध्रांतून शिरतो. त्याची जाडी म्हशीच्या ओल्या कातड्याइतकी असावी. आणि सामान्यतः तो वाळल्यावर तसाच ठेवू नये, असे तो सांगतो. जाडीचे माप अंगुळांत न देता रोजच्या पाहण्यातील वस्तूवरून दिले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लावणाऱ्याच्या हातात पट्टी नसते. त्याला डोळ्यांनी ओळखता येईल असेच माप उपयोगी पडते.

प्रसाधनाच्या या सामग्रीचे महत्त्व समाजात किती होते, याची साक्ष एका हस्तिदंती मूर्तीने दिली आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या दोन्ही बाजूंस प्रसाधनाची पात्रे घेतलेल्या दोन दासी आहेत. ती आरशाची मूठ असावी असा तर्क प्रथम करण्यात आला. लहानशा मेजाचा तो पाय असावा असेही पुढे सुचविले गेले. मराठी वाचकांना जवळची गोष्ट ही, की तिच्याशी मिळत्याजुळत्या हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाल्या आहेत.

काजळलता आणि आळता

आता बंगालकडे वळू. तेथील घरांतील काजळलता हे या विषयातील एक अत्यंत बोधप्रद साधन आहे. पानाच्या आकाराचे धातूचे दोन भाग एका खिळीभोवती फिरतात आणि मागे धरावयास लांबट मूठ असते. तेलाच्या दिव्याच्या ज्योतीवर रुंद पान धरले की त्यावर काजळी जमते. तीत थोडे तूप वा तेल खलले की काजळ तयार होते. झाकण फिरविले की तीच डबी बनते. काजळ तयार करणे, साठविणे आणि लावण्यासाठी हाताशी धरणे ही तिन्ही कामे एकच वस्तू करते. विवाहाच्या वेळी वधूच्या हातात काजळलता देण्याचा प्रघात बंगालमध्ये आहे. लहान मुलाच्या कपाळावर आपल्याकडे जशी तीट लावतात, तसा काजळाचा टिपका तेथेही लावतात.

सिंदूरदानाच्या विधीतही साधनाची योजना लक्षणीय आहे. वर वधूच्या भांगात सिंदूर भरतो तो बहुधा बोटाने नव्हे, तर अंगठीने, नाण्याने किंवा कुनके नावाच्या तांदूळ मोजण्याच्या लहानशा मापाच्या कडेने. विधीचा अर्थ काहीही असो, व्यवहाराच्या दृष्टीने पाहता कोरडी पूड सरळ रेषेत ओढावयाची तर बोटापेक्षा धातूची कड अधिक सोयीची असते.

आळत्याची रीत याहून वेगळी. पायांच्या कडा रंगविण्याचा हा तांबडा रंग पूर्वी लाखेपासून काढीत. कापसाचा पातळ थर त्या रंगात भिजवून वाळवीत आणि लावण्याच्या वेळी तो पाण्याने ओला करून पायावर फिरवीत. येथे पदार्थ व साधन यांच्यात भेदच उरत नाही; रंग साठविणारा कापूसच रंग लावणारा बोळा होतो. आज बाटलीतील कृत्रिम रंग आला आणि बोळ्याची जागा टोपणाला जोडलेल्या स्पंजने घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले : सच्छिद्र वस्तू द्रव शोषून घेते आणि दाबल्यावर थोडा थोडा सोडते.

बजबजचे तेल

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या पूर्व तीरावर, दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यात बजबज हे गाव आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद येथेच उतरून आगगाडीने सियालदहला गेले. आणि २९ सप्टेंबर १९१४ रोजी ‘कोमागाता मारू’ जहाजातील उतारूंवर येथेच गोळीबार झाला. इतिहासाच्या पुस्तकांतून बजबजचे नाव येते ते या दोन घटनांमुळे. परंतु गावाचे दैनंदिन जीवन घडविले ते तेलाच्या टाक्यांनी आणि तागाच्या गिरण्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जहाजांनी येणारे खनिज तेल येथे साठविले जाऊ लागले. आजही सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांची साठवणकेंद्रे तेथे आहेत.

प्रसाधनाच्या विषयात तेलाच्या टाक्यांचा काय संबंध, असे वाचकास वाटेल. संबंध निकटचा आहे. तेलाच्या दिव्याची काजळी हे जुन्या प्रसाधनाचे एक मूळ द्रव्य होते. खनिज तेलाने तो दिवा मागे सारला, आणि त्याच तेलापासून नव्या प्रसाधनाचा पायाही मिळाला. पेट्रोलियम जेली, पांढरे पॅराफिन मेण आणि द्रव पॅराफिन हे आज असंख्य मलमांचे घटक आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील तेलविहिरींवर पंपाच्या दांड्यांना चिकटणारा मेणासारखा गाळ कामगार कापल्या-भाजल्या जागी लावीत. रॉबर्ट चेसब्रो याने तो शुद्ध करून १८७२ साली व्हॅसलिनचे पेटंट घेतले. जो पदार्थ यंत्राच्या दांड्यावरून खरवडून काढीत, तो अशा रीतीने पाळण्यातील मुलाच्या अंगापर्यंत पोहोचला.

बजबजमध्ये टाक्यांच्या शेजारी तागाच्या गिरण्या आहेत, आणि तागाच्या गिरणीत एक क्रिया चालते, जिच्यामुळे हा विषय अधिक स्पष्ट होतो. तागाचा कोरडा धागा ताठर असतो व विंचरताना तुटतो. म्हणून त्यावर तेल व पाणी यांचे दुधाळ मिश्रण सोडून तो रुळांमधून दाबून काढतात आणि काही काळ रचून ठेवतात. तेल आणि पाणी आपण होऊन मिसळत नाहीत. त्यांना एकत्र धरण्यासाठी साबणासारखा तिसरा पदार्थ लागतो. चेहऱ्याला लावावयाचे क्रीमही याच जातीचे मिश्रण होय. पाण्याने मऊपणा येतो आणि तेलाने पाणी लवकर उडून जात नाही, हे तत्त्व धाग्याला लागू आहे तसेच त्वचेलाही.

तथापि येथेच एक गंभीर भेद सांगितला पाहिजे. या कामी वर्षानुवर्षे वापरले गेलेले तेल हे खनिज तेलाचा कमी शुद्ध केलेला अंश होता. अशा तेलांत त्वचेस घातक असणारी बहुचक्री हायड्रोकार्बने राहू शकतात. लँकेशायरमधील सूतगिरण्यांत चात्यांना घालावयाच्या खनिज तेलाने वर्षानुवर्षे कपडे भिजत राहिलेल्या कामगारांना त्वचेचा कर्करोग होत असल्याचे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच उघड झाले होते. तागाच्या तेलाबाबत लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रात १९८० च्या दशकात उंदरांच्या त्वचेवर प्रयोग झाले, आणि त्यांतही गाठींच्या वाढीशी या तेलाचा संबंध दिसून आला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशुद्ध व अल्पशुद्ध खनिज तेलांची गणना माणसास कर्करोगकारक अशा पहिल्या गटात केली आहे. पूर्णपणे शुद्ध केलेली तेले त्या गटात नाहीत. धान्यासाठी वापरावयाच्या पोत्यांकरिता आता भाताच्या कोंड्याच्या तेलासारखी वनस्पतिजन्य तेलेही वापरली जातात.

यावरून घ्यावयाचा बोध असा की, एकाच कच्च्या तेलातून कामगाराच्या हाताला अपाय करणारा अंश निघतो आणि त्याच हातावर रात्री लावावयाचे निर्धोक मलमही निघते. दोहोंमधील अंतर शुद्धीकरणाचे आहे. म्हणून यंत्राला घालावयाचे तेल ‘तेल तेच’ असे समजून अंगाला चोळणे, किंवा ग्रीस हाताच्या भेगांत भरणे, ही सवय सर्वथा त्याज्य होय. तेलात काम करणाऱ्याने पाळी संपताच हात साबणाने धुवावेत, तेलाने भिजलेले कपडे बदलावेत आणि मगच शुद्ध मलम लावावे.

नळी, गोळी आणि कुंचला

मलम शुद्ध झाले तरी ते रुंद तोंडाच्या बरणीत असेल तर प्रत्येक बोट त्यात काहीतरी सोडून जाते. या अडचणीवरचा उपाय औषधविद्येने शोधला नाही. तो एका चित्रकाराकडून आला. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली तैलरंग साठविण्यासाठी कथलाची दाबता येणारी नळी तयार केली. रंग वाळू नये एवढाच त्याचा हेतू होता. पुढे दंतमंजन व मलमे यांनी ही नळी उचलली. आपल्या देशात, कोलकात्यात, गौरमोहन दत्त यांनी १९२९ साली सुरू केलेले बोरोलीन हे मलम हिरव्या नळीसाठीच घरोघरी ओळखले जाऊ लागले. धातूची नळी दाबली की दबूनच राहते, त्यामुळे बाहेरची हवा आत शिरत नाही. प्लॅस्टिकची नळी पुन्हा फुगते व हवा ओढून घेते. म्हणून सहज बिघडणाऱ्या मलमांसाठी आता हवा आत येऊ न देणारे दाबपंप वापरतात.

दुसरी कल्पना लेखणीवरून आली. बॉलपेनच्या टोकाची फिरती गोळी शाई जशी कागदावर पसरविते, तशीच मोठी गोळी द्रव त्वचेवर पसरवील, या विचारातून घामाची दुर्गंधी रोखणारी फिरत्या गोळीची बाटली १९५२ साली अमेरिकेत बाजारात आली. पापण्यांच्या केसांना रंग लावणारी नळीतील खाचदार कांडी त्याच दशकाच्या उत्तरार्धात आली. तिची तुलना सुश्रुताच्या शलाकेशी करून पाहावी : तेथे गुळगुळीत कळी होती, कारण डोळ्याच्या आत जावयाचे होते, येथे खाचा आहेत, कारण केसांवर रंग धरून ठेवावयाचा आहे. काम बदलले की टोक बदलते.

कुंचल्याची कथा मात्र सावध करणारी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर इंग्लंड-अमेरिकेत दाढीच्या ब्रशातून काळपुळीचा प्राणघातक रोग पसरला. ब्रशांसाठी वापरलेले घोड्याचे केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते, आणि दाढी करताना पडलेल्या बारीक जखमांतून त्यांतील जंतू शरीरात शिरले. साबण निर्दोष होता. दोष साधनात होता.

मात्रेचा प्रश्न

मलम किती लावावे, याला ‘थोडेसे’ हे उत्तर पुरेसे नाही. यासाठी लाँग व फिनले या त्वचातज्ज्ञांनी १९९१ साली एक साधे माप मांडले. पाच मिलिमीटर तोंडाच्या नळीतून प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापर्यंत, मलमाची रेघ ओढली तर ते सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसह दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. येथे नळी आणि बोट ही दोन साधने मिळून तराजूचे काम करतात. सुश्रुताने जाडी म्हशीच्या कातड्यावरून सांगितली, आधुनिक वैद्याने मात्रा बोटाच्या पेरावरून. दोघांची अडचण एकच होती.

स्टेरॉइडयुक्त मलमांच्या बाबतीत हे माप विशेष महत्त्वाचे आहे. वैद्याच्या सल्ल्याने, ठरल्या जागी, ठरल्या दिवसांपुरते लावले तर ते गुणकारी असते. गोरेपणासाठी म्हणून रोज चेहऱ्यावर फासले तर त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि नायट्यासारखे विकार दबून राहून पसरतात. या गैरवापरास आळा घालण्यासाठी भारत सरकारने २०१८ साली अशा मलमांच्या विक्रीवरील नियम अधिक कडक केले.

स्वच्छतेचा प्रश्न

खुपरी या डोळ्यांच्या रोगाने आपल्या देशात पिढ्यान् पिढ्या लोकांची दृष्टी हिरावून घेतली. हा रोग बोटांनी, पंच्यांनी, माशांनी पसरतो, आणि एकाच डबीतून, एकाच बोटाने साऱ्या मुलांना घातलेले काजळ हाही त्याचा एक मार्ग होता. १९६३ साली राष्ट्रीय पातळीवर खुपरीविरोधी मोहीम सुरू झाली. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून खुपरीचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मान्य केले. या यशात औषधांचा व पाण्याच्या सोयीचा वाटा मोठा आहे, तसाच बदललेल्या घरगुती सवयींचाही आहे.

साधन कितीही स्वच्छ असले तरी पदार्थाची परीक्षा चुकत नाही, हेही येथे सांगावयास हवे. सुरमा म्हणून विकले जाणारे खनिज पुष्कळदा शिशाचे सल्फाइड असते, आणि शेंदूर हे शिशाचेच ऑक्साइड. मुलाने बोट डोळ्याला लावून तोंडात घातले की शिसे पोटात जाते व त्याच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते. प्रसाधनांत रंगासाठी शिशाची व आर्सेनिकची संयुगे वापरण्यास आपल्या कायद्याने मनाई आहे. पण सुट्या पुडीवर कायद्याची नजर पोहोचतेच असे नाही.

व्यवहारासाठी चार नियम पुरेत. डोळ्याचे साधन प्रत्येकाचे वेगळे असावे. बरणीतून मलम काढावयाचे तर स्वच्छ चमच्याने काढावे. नळीचे तोंड जखमेला टेकवू नये. डोळा आला असताना वापरलेली कांडी वा डबी रोग बरा झाल्यावर पुन्हा वापरू नये.

ज्यांचे हात चालत नाहीत

शेवटी एका वर्गाचा विचार राहतो. संधिवाताने आखडलेला हात स्वतःच्या पाठीपर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी लांब दांड्याला स्पंज लावलेले साधन उपयोगी पडते. कुष्ठरोगाने ज्यांच्या हातापायांची संवेदना गेली आहे, त्यांची त्वचा घाम न आल्याने कोरडी पडते, भेगाळते आणि भेगांतून जखमा होतात. पाय रोज पाण्यात भिजवून त्यांवर तेल वा पेट्रोलियम जेली लावणे हा यावरचा सोपा व सिद्ध उपाय आहे. परंतु बोटेच वाकडी झाली असतील तर लहान टोपणाची नळी त्यांना उघडत नाही. जाड मुठीचे किंवा पट्ट्याने मनगटाला बांधता येणारे साधन अशांच्या बाबतीत सोयीपुरते राहत नाही. पाय वाचणे वा न वाचणे त्यावर ठरू शकते.

सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हातांनी मालिश करीत. ज्याला कोणी शिवत नव्हते, त्याच्यापर्यंत तेलाबरोबर माणसाचा हातही पोहोचला. साधनांची परीक्षा मात्रा, स्थान आणि स्वच्छता यांवर अवश्य करावी. मात्र जेथे रोग्याला स्पर्शाचीच गरज आहे, तेथे स्वच्छ धुतलेला हात हेच योग्य साधन होय. वाग्भटाने शलाकेच्या यादीत बोटाला स्थान दिले आहे, हे अशा वेळी आठवावे.